लग्नासाठी बिंदी निवडायची आहे. चेहरा गोल, कपाळ लहान. सल्ला हवा

बकुळ_पार्ले
नमस्कार मंडळी. वैशाखात माझं लग्न आहे, दादरला. मुहूर्तावर नऊवारी, नथ, मुंडावळ्या. संध्याकाळी रिसेप्शनला घागरा. दोन्ही वेळा बिंदी, म्हणजे भांगातून कपाळावर उतरणारा दागिना, घालायची खूप हौस आहे. पण चेहरा गोल, गाल भरलेले आणि कपाळ जेमतेम तीन बोटं. दुकानात हातात घेतलेली प्रत्येक बिंदी सुंदर वाटते, कपाळावर ठेवली की चेहरा आखूड दिसतो. आईची सोन्याची बिंदी घरात आहे: गोल पदक, जुन्या रुपयाएवढं, खाली मोत्यांची झालर. ती मोडायची नाही, जमलं तर तीच घालायची आहे. घागऱ्यावर माथापट्टी (केसांच्या कडेने दोन्ही बाजूंना जाणाऱ्या पदरांची बिंदी) हवी असं सासूबाईंच्या मनात आहे. चेहऱ्याला काय शोभेल हे ठरवायचं कसं? आणि मुंबईत कुठे बघू?

शेवंती
अभिनंदन गं! गोल चेहऱ्याला उभं, अरुंद पदक घे, थेंबाच्या किंवा पानाच्या आकाराचं. माथापट्टी अजिबात नको, चेहरा आणखी रुंद दिसेल.

सुईदोरा
बकुळ, मी नवरीचे केस आणि मेकअप करते. माझ्या मते चेहऱ्याचा आकार नंतर, आधी कपाळाची उंची आणि भांग बघायचा. एकाच गोल चेहऱ्याच्या दोन मुलींना एकच बिंदी सारखी दिसत नाही, कारण एकीचं कपाळ चार बोटं असतं आणि दुसरीचं अडीच.

केस घट्ट मागे बांध. केसांच्या रेषेपासून भुवयांच्या मधोमध किती अंतर आहे ते बघ. पदकाचं खालचं टोक त्याच्या निम्म्यावर थांबायला हवं, आणि पदक व टिकली यांच्यात बोटभर कपाळ मोकळं दिसायला हवं. तेवढी जागा राहिली नाही की दोन्ही एकमेकांत घुसतात आणि कपाळ होतं त्याहून लहान वाटतं. तुझं नेमकं हेच होतंय. आणि सेल्फीवरून ठरवू नकोस. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा अरुंद येतो. कुणालातरी पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या पातळीवर फोन धरून फोटो काढायला सांग.

आता आईची बिंदी. ती नक्की घाल. भांग मधोमध काढायचा, समोर थोडा फुगा ठेवायचा, आणि हुक साखळीच्या टोकाला न ठेवता मधल्या एखाद्या कडीत अडकवायचा. उरलेली साखळी खोप्याखाली जाते. पदक मागे सरकून केसांवर बसतं आणि कपाळावर फक्त मोत्यांची झालर उतरते. पदक कितीही गोल असलं तरी मग ते चेहऱ्याला आखूड करत नाही. कडीतून हुक जात नसेल तर सोनार एक जादा कडी बसवून देईल. त्यासाठी बिंदी मोडावी लागत नाही.

मुंडावळ्यांची तर तुला मदतच होणार आहे. कानशिलांवरून खाली येणारे मोत्यांचे दोन पदर गालांची रुंदी आपोआप कमी दाखवतात. फक्त क्रम सांभाळ: आधी बिंदी पिनांनी पक्की, मग वरून मुंडावळ्या. उलट केलंस तर अंतरपाट दूर व्हायच्या आत बिंदी तिरकी झालेली असेल.

माथापट्टीबाबत शेवंतीताईंशी मी पूर्ण सहमत नाही. तीन पदरी नकोच. पण एकेरी, बारीक मोत्यांची, अगदी केसांच्या रेषेवर बसणारी आणि मधे अरुंद थेंब असलेली पट्टी गोल चेहऱ्यालाही चालते. सासूबाईंचंही मन राहील. मुहूर्तावर मात्र माथापट्टी नाही; मुंडावळ्यांची आडवी सर आणि पट्टी एकमेकींत अडकतात.

डोंबिवली_फास्ट
ताई, धाग्यात घुसतोय. बहिणीसाठी विचारतोय. तिचा चेहरा लांबट, कपाळ रुंद, हनुवटी निमुळती. तिला काय घेऊ?

सुईदोरा
दादा, लांबट चेहऱ्याला आडवा आकार द्या. चंद्रकोरीसारखं रुंद पदक किंवा माथापट्टी. कपाळाचा मोकळा भाग भरला की लांबी तुटते. उभी लोंबती बिंदी नको.

नूपुर_माटुंगा
इथे थोडा वेगळा अनुभव आहे. हनुवटी निमुळती असताना वर जड माथापट्टी घातली की सगळं वजन वर जातं आणि हनुवटी आणखी टोकदार दिसते. मी बारीक साखळीची, मध्यम चंद्रकोर घेईन आणि कानात खाली रुंद होणारे झुमके, म्हणजे जबड्यापाशीही काहीतरी भरतं.

मी भरतनाट्यम करते. आमच्याकडे भांगात नेत्तिचुट्टी, म्हणजे आमची बिंदी, आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र असतात, उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्र. माझा जबडा चौकोनी आहे. या गोल आकारांनी तो किती मऊ दिसतो ते मी प्रत्येक कार्यक्रमात बघते. तेव्हा चौकोनी चेहऱ्याच्या मैत्रिणींनी कोनदार पदकं टाळावीत, गोल किंवा चंद्रकोर घ्यावी. लाल खड्यांचे हे टेम्पल दागिने माटुंग्याला मिळतात. कांजीवरमवर अप्रतिम दिसतात, पण पेशवाई मोत्यांसोबत मला ते जुळत नाहीत.

बिंदी हलू नये म्हणून आम्ही हुक काळ्या दोऱ्याने केसांच्या बटेला बांधतो आणि वर दोन पिना फुलीसारख्या लावतो. तास-दीड तास नाचलं तरी जागची हलत नाही.

सुईदोरा
नूपुर, निमुळत्या हनुवटीचं तुमचं म्हणणं पटलं. दादा, आधी चंद्रकोर बघा, पट्टी नंतर.

काळबादेवी_कट्टा
खरेदीचं मी सांगतो. इमिटेशनसाठी भुलेश्वर. मरीन लाइन्सला उतरून चालत जा, रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. तिथली काही घाऊक दुकानं एक-दोन नग देत नाहीत, आत शिरतानाच विचारा. मोत्यांचं, मराठी पद्धतीचं हवं असेल तर दादरचं रानडे रोड बरं. घागऱ्यावरचा सेट एका संध्याकाळीपुरता भाड्यानेही मिळतो, आणि तो पर्याय मला शहाणपणाचा वाटतो.

सोन्याची नवी घेणार असाल तर हॉलमार्क बघाच. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, लागतो. २२ कॅरेटला शुद्धतेचा आकडा ९१६. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ या खडे जडवलेल्या प्रकारांना मात्र ही सक्ती नाही. म्हणून कुंदन घेताना निव्वळ सोन्याचं वजन किती, खडे कसले आणि परत घेताना कशाचे पैसे धरणार, हे तिन्ही पावतीवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर कुंदन घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

शेवंती
इमिटेशनमध्ये बऱ्याचदा निकेल असतं. मे महिन्याच्या घामात कपाळावर पुरळ आली तर फोटोत लपत नाही. आठवडाभर आधी घरात तासभर घालून बघ. पदकाच्या मागे पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले तरी फरक पडतो.

बकुळ_पार्ले
सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री आईने मधल्या कडीत हुक अडकवून बिंदी लावून दिली. पदक केसांवर, मोती कपाळावर, आणि टिकलीच्या वर बोटभर जागा राहिली. मुहूर्ताचं नक्की झालं. एकेरी माथापट्टीचा फोटो सासूबाईंना पाठवलाय. बहीण म्हणते रिसेप्शनला पासा (केसांत एका बाजूला लावायचा दागिना) लाव. तो गोल चेहऱ्याला चालेल का?

सुईदोरा
छान चालेल. पासा बाजूने तिरका उतरतो, त्यामुळे चेहऱ्याची गोलाई मोडते, आणि लहान कपाळाचा प्रश्नच येत नाही कारण मधली जागा मोकळी राहते. पण तो डावीकडे लावायची पद्धत आहे आणि आपली नथही डावीकडेच. दोन्ही घातलंस तर एक बाजू जड होईल. पासा असेल तर संध्याकाळी नथ उतरवून साधी चमकी घाल. पासा आणि माथापट्टी यांपैकीही एकच. भांग उजवीकडे थोडा सरकवून घे आणि केस करणाऱ्या मुलीला हे आधीच सांग, कारण त्यावर मागची सगळी बांधणी ठरते.