खोट्या दाव्याची भरपाई मागता येते का?

घाटमाथा_सातारा:
वडिलांची २२ गुंठे जमीन. २०१७ साली साठेखत (विक्रीचा करार) केलं, २ लाख विसार घेतला. पंधरा दिवसांत चुलत काकांनी वाटपाचा दावा ठोकला आणि निशाणी ५ वर, म्हणजे दाव्यासोबतच्या तातडीच्या अर्जावर, विक्रीला तात्पुरती मनाई आणली. म्हणे जमीन वडिलोपार्जित! अहो, वडिलांनी पगारातून घेतलेली, आणि खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही याच काकांची. लांब शेपटाचा 'प' गावात दुसरं कोणी काढत नाही.

घेणारा गेला, विसार परत करायला पतपेढीचं कर्ज काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये दावा फेटाळला. वडील आदल्या वर्षीच गेले. निकालात शेवटची ओळ, 'उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.' का सोसावा? आता मीच काकांवर भरपाईचा दावा लावू शकतो का?

काळाकोट:
भाऊ, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५-अ खोट्या दाव्यासाठीच आहे, पण कमाल ३,००० रुपये. व्यापारी दाव्यांना ही मर्यादा २०१५ च्या कायद्याने काढली, तुमच्या वाटपाला ती आहेच. कलम ९५ खाली चुकीच्या मनाईची भरपाई ५०,००० पर्यंत. मात्र कलम ९५ चा अर्ज निकाली निघाला की वेगळा दावा बंद, म्हणून घाईने अर्ज टाकू नका.

वेगळा दावा मनाई संपल्यापासून ३ वर्षांत, म्हणजे ऑगस्ट २०२७ च्या आत. त्यात दुष्ट हेतू आणि दाव्याला आधारच नव्हता, दोन्ही तुम्ही सिद्ध करायचं. नुसता दिवाणी दावा लावला म्हणून भरपाई नाही, हा १८८३ चा इंग्लिश निकाल आपल्याकडेही बराच चालला. खुद्द इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा भरपाईचं दार उघडलं, तेही ५ विरुद्ध ४ न्यायाधीशांनी.

माहेरची_वाट:
उघडूच नये ते दार. माझ्या आत्याने भावांवर वाटपाचा दावा लावला आणि २०१६ ला हरली, कारण आजोबा २००५ च्या, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा देणाऱ्या, दुरुस्तीआधी वारलेले. तेव्हाचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसाच होता. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरवला. मधल्या चार वर्षांत माझ्या काकांनी तिच्यावर भरपाई लावली असती तर? बांगड्या विकून वकील दिला होता तिने. हरलेली प्रत्येक बाई खोटारडी नसते.

काळाकोट:
ताई, हरणं वेगळं, माहीत असून खोटं बोलणं वेगळं. आत्याबाईंना कोणी हात लावू शकलं नसतं. भाऊ, उलटतपासात ती सही विचारली होती का?

घाटमाथा_सातारा:
विचारली. म्हणाले, 'सही माझी, पण मजकूर वाचला नव्हता.'

काळाकोट:
तिथेच गाडी रुतते. साक्षीदाराला दस्तातला मजकूर माहीत असतो असं कायदा धरून चालत नाही. दुसरा कागद आहे?

घाटमाथा_सातारा:
खरेदीनंतर मोजणी झाली तेव्हा हद्दीचे दगड काकांनीच रोवले. पंचनाम्यात 'सदर जमीन यांनी खरेदी केलेली' असं लिहिलंय आणि खाली तोच 'प'. घरातली प्रत कसरीने खाल्लीय. सोमवारी भूमी अभिलेखच्या कार्यालयात नक्कल मागायला जातो.