मदत हवी आहे: ५० मीटर फ्रीस्टाइलमधला वेग नेमका येतो कुठून?

नमस्कार मंडळी,
ठाण्यात राहतो, घोडबंदर रोडला. लेक १३ वर्षांची, ग्रुप टू या वयोगटात पोहते, ५० मीटर फ्रीस्टाइल म्हणजे तिचा जीव की प्राण. गेले आठ महिने टायमिंग ३०.४ सेकंदांना अडकलंय. पहाटे पाचला उठते, एक दिवस चुकवत नाही आणि तरी प्रत्येक मीटला (स्पर्धेला) बोर्डवर तोच आकडा, मग घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलत नाही ते मला बघवत नाही हो. टँकवरचे पालक म्हणतात उंची कमी पडते (५ फूट १), स्प्रिंट सोडा आणि ४०० मीटरकडे वळवा. सर म्हणतात रोजचं अंतर वाढवूया.

मी स्वतः पोहण्यातला नाही म्हणून रात्री बसून वाचतोय. २०२४ ला पॅरिसमध्ये पान झानलेने १०० मीटर ४६.४० मध्ये मारलं, म्हणजे तासाला पावणेआठ किलोमीटर, एवढं तर माणूस तलावपाळीला जॉगिंग करताना पळतो! मग पाण्यात तेवढ्यासाठी एवढा जीव का काढावा लागतो? आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये कॅमरन मॅकेव्हॉयने ५० मीटरचं गोल्ड घेतलं, तो तर म्हणे अंतर एकदम कमी करून जिममध्ये ताकद वाढवत बसला होता. मग आम्ही अंतर वाढवायचं का कमी करायचं? उंचीचं खरंच एवढं असतं का? कोणी स्प्रिंट केलेलं असेल तर प्लीज सांगा.

---

पाणकोंबडी_नेरुळ:
दादा, आधी तुमच्या जॉगिंगचं बघू. पाणी हवेच्या जवळजवळ ८०० पट दाट असतं. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. तुमच्या लेकीचंच घ्या, ३०.४ वरून २९ ला यायचं तर वेग वाढतो ५ टक्क्यांच्या आत, पण अंग पाण्यात तसंच ठेवलं तर ताकद १५ टक्के जास्त लागेल. तेराव्या वर्षी ती एकदम आणणार कुठून? म्हणून नुसता जोर वाढवून टायमिंग पडत नाही, अडथळा कमी केला की पडतं, आणि मोठ्या स्प्रिंटरचं अर्धं कसब तिथेच आहे.

दुसरं, तिचे पहिले १५ मीटर कधी वेगळे मोजलेत का? पुरुषांतले टॉपचे स्प्रिंटर तिथवर साधारण पाच-सव्वापाच सेकंदात जातात, उरलेल्या ३५ मीटरना १६ च्या आसपास. कारण सूर मारताना ब्लॉकवरून (काठावरचा स्टार्टचा चौथरा) मिळालेला वेग पोहण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त असतो, पाण्याखाली लाटेचा अडथळा कमी, आणि स्ट्रीमलाइन (हात डोक्यापुढे जोडून अंग सरळ ताणणं) घट्ट असेल तर तो वेग डॉल्फिन किकने, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेल्या लाथांनी, टिकवता येतो. १५ मीटरच्या पुढे पूर्ण पाण्याखाली राहिलेलं चालत नाही, तोवर डोकं वर आलंच पाहिजे, नियमच आहे. आपली बरीच मुलं सात-आठ मीटरलाच वर येतात आणि तिथून सगळं हातांनी ओढत नेतात.

उंचीचं खोटं नाही सांगणार, फायदा होतो. २०१२ चा ऑलिम्पिक विजेता मॅनाडू जवळपास दोन मीटर उंच आहे. पण तिची वाढ अजून व्हायचीय, आत्ताच इव्हेंट बदलायची घाई कशाला?

---

नौपाडाकर:
आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं लक्षात ठेवा. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये याच ५० मीटरमध्ये ब्राँझ ०.०१ सेकंदाने गेलं, फायनलला २२.४७. म्हणजे शेवटी भिंतीला हात लावताना डोकं वर काढलं किंवा एक जादा अर्धवट हात मारला तर तेवढं तिथेच जातं. तिला फिनिश वेगळी करायला लावा.

---

लेन_चार:
मॅकेव्हॉयचं बघून अंतर तोडू नका. त्याच्या मागे कित्येक वर्षांचं लांब पोहणं होतं, तो पाया भरून झाल्यावर त्याने ते कमी केलं. तिचा पाया अजून भरतोय. मात्र दमलेल्या अंगाने हळू लॅप मारत राहिली तर अंगाला हळूच पोहायची सवय लागते. १५-२० मीटर फुल स्पीड, मग नीट विश्रांती, परत फुल स्पीड, असे सेट आठवड्यात दोनदा तरी हवेत. पहिल्या काही सेकंदांची ताकद स्नायूत साठलेली असते, ती भरून यायला वेळ लागतो, म्हणून विश्रांती कापायची नाही. सरांशी बसून बोला, त्यांना डावलून काही करू नका.

आणि ५० मीटरला मोठे खेळाडू एखादाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, ते बघून ती एकटी श्वास रोखून पोहायला जाईल तर अजिबात जाऊ देऊ नका, पाण्यात शुद्ध हरपते आणि काठावरच्याला कळतही नाही.

---

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सरांना विचारून मोबाईलवर शूट केलं, बाजूने. ताई, तुमचं अगदी बरोबर निघालं, ती आठव्या मीटरलाच वर येते, १५ मीटरला ८.४ सेकंद. शिवाय पोहताना समोर भिंतीकडे बघते, त्यामुळे डोकं वर आणि कंबर खाली, हे तर मला पण स्लो मोशनमध्ये दिसलं. पाण्यात हात गेल्यावर कोपर खाली पडतं, पंजा पाणी मागे ढकलायच्या ऐवजी खाली दाबतो. सर स्वतःच म्हणाले की हात कोपरापासून उभा राहिला पाहिजे, वल्ह्यासारखा. महिनाभर अंतर आहे तेवढंच ठेवून स्टार्ट आणि कॅच (हाताने पाणी पकडायची ही सुरुवात) करायचं ठरलंय.

लेकीने व्हिडिओ पंधरा वेळा तरी बघितला असेल. सारा शोस्ट्रॉमने पॅरिसला ५० आणि १०० दोन्ही जिंकलं तेव्हा तीस वर्षांची होती हे सांगितलं तर म्हणाली, बाबा म्हणजे माझ्याकडे अजून सतरा वर्षं आहेत.

आता एकच विचारायचंय, आमच्या टँकवरच्या ब्लॉकला मागचा पाय टेकवायची तिरकी प्लेट नाही, मीटला असते. तिचा सराव कुठे आणि कसा करून घेता तुम्ही लोक?