कपड्यांचा ड्रायर फिरतोय, पण गरमच होत नाही – मदत हवी आहे

मीनल_एनजे

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. वरच्या मजल्यावर एका कपाटात वॉशर आणि ड्रायर शेजारी शेजारी आहेत. ड्रायर इलेक्ट्रिक आहे, गॅसचा नाही. जाडजूड वायर, चार पिनांचा प्लग. घराबरोबरच मिळाला, त्यामुळे बराच वापरलेला. परवापासून ड्रम फिरतो, दिवा लागतो, डिस्प्लेवरची वेळ कमी होत जाते, वाराही येतो, पण गार. तासाभराने कपडे काढले तरी जीन्सच्या खिशांचं अस्तर ओलंच.

आठवून पाहिलं तर कुरबुर जुनी आहे. दिवाळीच्या सुमारास टॉवेल एका फेरीत वाळेनासे झाले, मग दोन फेऱ्या लागायला लागल्या. तेव्हा मशीनचा वरचा पत्रा मात्र चांगलाच तापायचा.

एका दुरुस्ती कंपनीचा माणूस येऊन गेला. एकही झाकण न उघडता 'कंट्रोल बोर्ड गेला' म्हणाला आणि चारशे डॉलरच्या वरचा आकडा सांगितला. बोर्ड गेलाय तर बाकी सगळं कसं चालतंय, असं विचारलं तर धड उत्तर नाही. सासूबाई-सासरे सध्या इथेच आहेत, बाहेर कडाक्याची थंडी, घरभर दोऱ्या बांधल्यात. खर्चाची तयारी आहे, पण काय बिघडलंय ते कळल्याशिवाय नाही. नवऱ्याकडे मल्टिमीटर आहे आणि त्याला तो वापरता येतो. कुठून सुरुवात करायची ते जाणकारांनी सांगावं.

नाशिककर

आधी ब्रेकर. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक ड्रायरला २४० व्होल्ट लागतात, पण ड्रमची मोटर, दिवा आणि डिस्प्ले १२० वरच चालतात. घरात १२० च्या दोन तारा येतात, त्या दोन्ही मिळून हीटरचे २४० होतात. त्यातली एक गेली तर तुमचंच लक्षण दिसतं: सगळं चालू, उष्णता नाही. पॅनेलमध्ये ३० अँपिअरचा जोडब्रेकर असेल. तो पडलाय का ते नुसतं बघून कळत नाही, पूर्ण बंद करून परत चालू करा.

सह्याद्री_बोस्टन

नाशिककरांना अनुमोदन. ब्रेकरनंतरची पायरी सांगतो.

मीनल, तुम्ही जे लिहिलंत त्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी दोन फेऱ्या लागत होत्या आणि पत्रा तापत होता. म्हणजे तेव्हा हीटर व्यवस्थित होता, अडत होती ती हवा. ड्रायरमध्ये कपडे वाळतात ते उष्णतेइतकेच हवेमुळे. कोरडी हवा हीटरवरून ड्रममध्ये येते, ओल घेते आणि पंखा ती ४ इंची नळीतून घराबाहेर ढकलतो. नळी तुंबली की दमट हवा आतच घुटमळते, कपडे वाळत नाहीत आणि हीटरची पेटी जास्त तापते. मग तिच्यावरचा थर्मल कट-ऑफ (फार तापल्यावर हीटरची वीज तोडणारा भाग) उडतो. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. आग लागू नये म्हणूनच तो बसवलेला असतो.

बोर्डावर हीटरचा रिले (वीज चालू-बंद करणारा आपोआप स्विच) असतो, त्यामुळे बोर्ड जाऊन फक्त उष्णता बंद पडणं अशक्य नाही. पण स्वस्त भाग न तपासता थेट बोर्डावर जाणं मला पटत नाही.

प्लग काढून घ्या. नुसता स्विच बंद करून चालणार नाही. मागचा पत्रा उघडा (काही मॉडेलमध्ये पुढून उघडावं लागतं). हीटरच्या पेटीवर दोन छोटे गोल भाग दिसतील: एक कट-ऑफ, एक हाय-लिमिट थर्मोस्टॅट (हाही तापल्यावर वीज तोडतो, पण गार झाला की परत जोडतो). एका बाजूची वायर काढून ओहम मोजा. थंड असताना दोन्ही जवळजवळ शून्य दाखवायला हवेत. मग हीटरची कॉइल (तापणारी तार) मोजा. नेहमीची ५४०० वॉटची असेल तर १० ओहमच्या आसपास. शेवटी कॉइलचं टोक आणि पेटीचा पत्रा यांच्यात मोजा, तिथे काहीच जोडणी दिसता कामा नये. कॉइल तुटून पत्र्याला टेकली असेल तर थर्मोस्टॅटने एक तार तोडली तरी दुसऱ्या तारेवरून ती तापत राहू शकते. हा बिघाड फार वाईट.

आणि कृपा करून कट-ऑफला वळसा घालून वायर जोडू नका, 'तपासण्यापुरती' सुद्धा. असा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ओवी_पुणे

थोडं अवांतर. आमच्याकडे हीट पंपवाला ड्रायर आहे, त्याला बाहेर नळीच नाही. ओल गार करून पाणी टाकीत जमा होतं. वेळ जास्त लागतो, पण वीज कमी आणि तापमानही कमी. पावसाळ्यात फार उपयोग होतो. माझी अडचण वेगळी: ऑटो प्रोग्रामवर तो पंधरा-वीस मिनिटांत 'झालं' म्हणून थांबतो आणि कपडे दमट!

सह्याद्री_बोस्टन

ओवी, ड्रमच्या आत दाराजवळ धातूच्या दोन पट्ट्या असतील. ओला कपडा दोन्हींना टेकला की वीज वाहते, त्यावरून मशीनला ओल कळते. सुगंधी शीट (कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकतात तो सुवासिक कागद) किंवा सॉफ्टनर वापरत असाल तर पट्ट्यांवर मेणचट थर बसतो. रबिंग अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. दोन-तीनच कपडे टाकले तरी असं होतं, कारण ते पट्ट्यांना नीट टेकतच नाहीत.

मीनल_एनजे

सह्याद्री, नाशिककर, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याने आणि मी मिळून सगळं उघडलं.

ब्रेकर बंद-चालू केला, फरक नाही. सॉकेटवर दोन तारांमध्ये २४१ व्होल्ट, म्हणजे वीज ठीक. कॉइल १०.४ ओहम, पत्र्याशी जोडणी नाही. थर्मोस्टॅट शून्य. कट-ऑफवर मात्र मीटर ढिम्म. तोच उडालाय. कट-ऑफ आणि थर्मोस्टॅट जोडीनेच मिळतात, तीस डॉलरच्या आत. मागवले. बोर्डाची गरजच नव्हती, याचा राग येतोय खरं तर.

पण नळीत काही सापडलं नाही. मागे चुरगळलेली चंदेरी कागदी नळी आहे, ती झटकली, मूठभरच लिंट (कपड्यांचे सुटे तंतू) निघालं. ड्रायरमधली लिंटची जाळी तर प्रत्येक वेळी साफ करते.

सह्याद्री_बोस्टन

मग भाग बसवायची घाई नको. कारण सापडलं नाही तर नवा कट-ऑफही उडेल.

तीन गोष्टी बघा. पहिली, लिंटची जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचत असेल तर शीटच्या मेणाने छिद्रं बुजलीत. दिसायला जाळी स्वच्छच दिसते. साबण आणि जुना टूथब्रश पुरे. दुसरी, ती चुरगळलेली फॉइलची नळी काढूनच टाका. तिच्या घड्यांत लिंट अडकतं आणि ड्रायर भिंतीला सरकवला की ती चेपते. तिथे धातूची कडक, आतून गुळगुळीत नळी हवी. सांधे फॉइल टेपने, आत टोक घुसेल असा स्क्रू नको. तिसरी आणि सगळ्यात संशयाची जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचं तोंड. पक्षी येऊ नयेत म्हणून कुणी जाळी लावली असेल तर तिथेच सगळं अडलंय. ड्रायरच्या तोंडावर जाळी लावायला इथल्या बांधकाम नियमांत मनाई आहे, तरी लोक लावतात.

नळीची लांबीही मोजा. सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट, आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले ५ फूट वजा.

मी एवढं लांबण लावतोय कारण अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीत वर्षाला सुमारे २,९०० घरगुती आगी ड्रायरच्या आहेत, आणि त्यांचं पहिलं कारण साफसफाई न होणं. घरात वयस्कर माणसं आहेत, ड्रायर वरच्या मजल्यावर आहे.

मीनल_एनजे

जाळीच होती! सोसायटीच्या माणसाने शिडी लावून बाहेरचं झाकण काढलं. झाकणाच्या पाकळ्यांमागे बारीक तारेची जाळी आणि तिच्यावर बोटभर जाडीचा करडा नमदा. दाबून पाहिला तर आतून ओलसर, त्यात माझ्या पिवळ्या दुपट्ट्याचे धागेसुद्धा ओळखू आले. हवा जाणार कुठून! नळी भिंतीत १४ फूट आणि दोन वळणं, म्हणजे लांबी मर्यादेत आहे. ब्रश फिरवल्यावर आतून अजून पिशवीभर लिंट निघालं. आमची लिंटची जाळीही पाणी धरत होती, तीही धुतली.

आज नवे भाग बसवले, मागे कडक नळी टाकली. टॉवेल एका फेरीत खडखडीत. बाहेर पाकळ्या पूर्ण उघडतात, हात धरला तर झोत जाणवतो.

शेजारच्या घरांना त्याच काळात बसवलेली तशीच तोंडं आहेत. सोसायटीला फोटोसह मेल करायचाय. त्यात बांधकाम नियमाचा उल्लेख करायचाय, नेमकं काय लिहू?

नाशिककर

'ड्रायरच्या नळीच्या बाहेरील तोंडावर जाळी नसावी आणि उलट हवा रोखणारी झडप असावी' एवढं लिहा. निवासी बांधकाम संहितेत ड्रायरच्या नळीच्या कलमात हे दोन्ही आहे. सोबत नगरपालिकेच्या बांधकाम निरीक्षकाला प्रत पाठवा, म्हणजे काम लवकर हलेल.