हायब्रिड सेडान घेतलेल्यांनो, अनुभव लिहा: कॅमरी, अकॉर्ड की सोनाटा?

घाटावरचा, न्यूजर्सी
मंडळी, आमची जुनी पेट्रोल सेडान रोज काहीतरी नवीन आवाज काढते त्यामुळे घरात गाडीचा विषय ऐरणीवर आलाय. एसयूव्ही नको हे ठरलंय (बायकोला पार्क करायला आवडत नाही, मला किंमत आवडत नाही). पूर्ण इलेक्ट्रिक पण नको, टाउनहाउसला गराज नाही तर चार्जर लावणार कुठे, आणि इलेक्ट्रिकवरचं ते साडेसात हजार डॉलरचं फेडरल टॅक्स क्रेडिट पण 30 सप्टेंबर 2025 ला संपलं. उरली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली. कागदावर 2025 ची टोयोटा कॅमरी एलई 51 एमपीजी (गॅलनला मैल), होंडा अकॉर्ड इएक्स-एल 48, ह्युंदाई सोनाटा 47. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूत एकटा माणूस रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवत असतो, त्याचा मला काय उपयोग? आमच्याकडे आईबाबा येतात, मंडळाच्या गणपतीचं सामान डिकीतून जातं आणि डिसेंबरमध्ये इंडियाला गेलो की गाडी महिनाभर उभी असते. तर आपापले अनुभव लिहा, सविस्तर.

हिशेबी, डॅलस
आधी एमपीजीचं भूत उतरवा. वर्षाला 12,000 मैल धरले तर 25 एमपीजीच्या जुन्या गाडीला 480 गॅलन लागतात, 44 वालीला (अकॉर्डचे काही प्रकार) साधारण 273 आणि 51 वालीला 235. म्हणजे खरी उडी जुन्यावरून हायब्रिडवर येताना मारून झाली, त्यानंतर कॅमरी की अकॉर्ड यात वर्षाचे 38 गॅलन, 3 डॉलरने 114 डॉलर. त्यासाठी नावडती सीट कोण दहा वर्षं सहन करणार? आणि ट्रिम (एकाच गाडीचे कमी-जास्त सोयींचे प्रकार) बघा, अकॉर्डची स्पोर्ट आणि टूरिंग 19 इंची चाकांवर येतात आणि आकडा 44 वर येतो, कॅमरीच्याही वरच्या ट्रिमला 51 मिळत नाही. शिवाय मोठ्या चाकाचे टायर महाग आणि खड्डा जास्त जाणवतो. आम्ही कॅमरी एलई घेतली, साध्या कापडी सीट, टेक्सासच्या उन्हात त्याच बऱ्या.

चिंचगुळी, बे एरिया
आम्ही टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना आणि दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन गेलो होतो, सेल्समन आमच्याकडे बघतच राहिला. पण एअरपोर्टवरून आणताना दोन माणसांच्या चार 23 किलोवाल्या बॅगा असतात, त्याचा अंदाज ब्रोशरवरून येत नाही हो. अकॉर्डची डिकी 16.7 क्युबिक फूट, कॅमरीची 15.1, मागे पाय ठेवायची जागा अकॉर्डला 40.8 इंच आणि कॅमरीला 38. हा फरक पुढची सीट मागे सरकवून नवरा बसला की लगेच कळतो. सासूबाई अकॉर्डमध्ये ऐटीत बसल्या, आणि मग म्हणाल्या, "बसता येतंय गं, उठायचं कसं?" दोन्ही गाड्या खालीच आहेत, छत मागे उतरतं, डोकं वाकवून शिरावं लागतं. गुडघ्याचा त्रास असेल तर आईबाबांना प्रत्यक्ष चढ-उतार करायला लावाच, नुसतं बसवून "छान आहे" ऐकू नका, ते तसंही छानच म्हणतात. आम्ही अकॉर्ड घेतली. एक लक्षात ठेवा, अकॉर्ड हायब्रिडला स्टेपनी नसते, पंक्चरचं किट असतं, लांबच्या ट्रिपा करणाऱ्यांनी याचा विचार करून ठेवा.

बर्फाळ, मिनेसोटा
इथे एकच प्रश्न, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर) आहे का? या तिघांत हायब्रिडमध्ये ते फक्त कॅमरीत मिळतं, सगळ्या ट्रिमला. मागच्या चाकांना वेगळी इलेक्ट्रिक मोटर आहे, पुढून मागे शाफ्ट वगैरे काही जात नाही, त्यामुळे मायलेजला फार फटका बसत नाही, एलईला 51 चे 50 होतात एवढंच. पण खरं सांगू का, बर्फात ब्रेक लावताना ऑल व्हील ड्राइव्ह कामाला येत नाही, टायर येतात. स्नो टायरचे पैसे आधीच बाजूला काढा.
आणि हिवाळ्यात 51 विसरा. केबिन गरम करायला इंजिनाची उष्णता लागते, त्यामुळे सिग्नलला उभं असतानाही इंजिन चालू होतं, शाळा-किराणा अशा छोट्या फेऱ्यांत तर मायलेज पार बसतं. सीट हीटर लावा आणि केबिनचा हीटर थोडा कमी ठेवा, तेवढंच इंजिनाला विश्रांती.

नटबोल्ट, मिशिगन
थोडं आतलं सांगतो, कारण टेस्ट ड्राइव्हला जो फरक जाणवतो तो इथून येतो. टोयोटात इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरमध्ये जोडलेल्या असतात, कोणी किती जोर लावायचा ते कॉम्प्युटर सतत बदलत राहतो. होंडात शहरात बहुतेक वेळा इंजिन फक्त जनरेटर चालवतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेच्या वेगाला मात्र एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. सोनाटात सरळ सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, मोटर त्याच्या आधी बसवलेली. म्हणून पेट्रोल गाडीची सवय असलेल्याला सोनाटा सगळ्यात ओळखीची वाटते, गिअर पडलेला कळतो. बाकी दोघींत रॅम्पवर जोरात पाय दाबला की इंजिनाचा आवाज आणि वेग यांचा मेळ लागत नाही, काही बिघडलेलं नसतं, ते तसंच असतं. ताकद कॅमरीला 225 हॉर्सपॉवर, अकॉर्डला 204, सोनाटाला 192. तिन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, एक आज आणि एक पुढच्या महिन्यात असं केलं तर आठवतं फक्त सेल्समनचं बोलणं.

घाटावरचा, न्यूजर्सी
वा, हेच पाहिजे होतं! नटबोल्ट दादा, बॅटरी किती टिकते हो? बाबा फोनवर रोज तेच विचारतायत.

नटबोल्ट, मिशिगन
बाबांना वॉरंटी सांगा: टोयोटाची हायब्रिड बॅटरी 10 वर्षं किंवा 1,50,000 मैल, जे आधी होईल ते. ह्युंदाई पहिल्या मालकाला इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं, 1,00,000 मैल देते. होंडाची काही राज्यांत जास्त आहे, आपल्या राज्याचं पुस्तक वाचून घ्या.

भटकभवानी, सिअ‍ॅटल
इंडियाचा मुद्दा कोणीच घेतला नाही, मी घेते. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय साधी 12 व्होल्टची पण असते आणि गाडी जागी होते ती तिच्यावर. आम्ही पुण्याहून परत आलो, पहाटे एअरपोर्ट पार्किंगमध्ये पोरं पेंगलेली, आणि गाडीचं दार रिमोटने उघडेना. किल्लीच्या आतून निघणाऱ्या धातूच्या किल्लीने उघडलं, शेजारच्याने जंप दिला. मोठी बॅटरी भरलेली असूनही काही कामाची नव्हती! आता जाताना गाडी मैत्रिणीकडे ठेवतो, ती अधूनमधून चालवते. ज्यांना अशी मैत्रीण नाही त्यांनी छोटा जंप स्टार्टर घ्यावा आणि घरात ठेवावा, डिकीत ठेवला तर डिकी उघडणार कशी?

शेवपुरी, अटलांटा
पोरं असलेल्यांसाठी. आमच्या गाडीत मागच्या सीटच्या बाजूला खाली एक जाळी आहे, तिथून बॅटरीला गार हवा जाते. सर्व्हिसला दिली तेव्हा मेकॅनिकने जाळी काढून दाखवली, आत फिल्टरवर बारीक शेव, दोन मनुका आणि क्रेयॉनचा तुकडा. त्याला शेव म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. हवा अडली की बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं, त्यामुळे तिथे बॅग टेकवू नका, आणि व्हॅक्यूम करताना ती जाळी आठवणीने करा.

पेठकर, पुणे
तुमची चैन आहे, तीन तीन पर्याय. इथे मिडसाइज सेडानमध्ये हायब्रिड म्हटलं की होंडाची सिटी, मे 2022 मध्ये आली. कॅमरी मिळते पण ती डिसेंबर 2024 मध्ये 48 लाखांना आली, एक्स-शोरूम, नमस्कार. सिटी हायब्रिड मी चालवतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवून मुंगीच्या पावलाने पुढे सरकते, डोकं शांत राहतं. पण बॅटरीने डिकी खाल्लीये, पेट्रोल सिटीला 506 लिटर आणि हायब्रिडला 306. घाटावरच्या साहेबांचा गणपती यात बसणार नाही.

कोपऱ्यातला, एडिसन
न्यूजर्सीवाल्यासाठी शेवटचं. महिन्याचा हप्ता विचारूच नका, तीन-चार डीलरना ईमेल करा आणि सगळं धरून हातात पडणारी किंमत लेखी मागा, 6.625 टक्के सेल्स टॅक्स आणि डॉक्युमेंट फी सकट. मला एकाने टायरमधल्या नायट्रोजनचे आणि काचेवर नंबर कोरायचे वेगळे पैसे लावले होते, दुसऱ्याचा ईमेल दाखवल्यावर दोन्ही गेले. इन्शुरन्सचा कोट ट्रिमनिहाय आधीच काढून ठेवा. अजून काही अडलं तर व्यनि (खाजगी निरोप) कर, शनिवारी मोकळा आहे, सोबत येतो.