कोरिऑनच्या तपासणीतून बाळाच्या आजाराचे निदान कसे होते?

निशिगंध:
माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, असल्याचे नुकतेच रक्ततपासणीत आढळले. तिला नववा आठवडा चालू आहे. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर कोरिऑनचा, म्हणजे गर्भाभोवतीच्या बाहेरच्या आवरणाचा, अगदी थोडा भाग काढून तपासावा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. तिच्या सासूबाईंचे म्हणणे असे की, वार तर आईची असते. मग बाळाला हातही न लावता वारेवरून बाळाचा आजार कसा समजणार? मला त्यांना पटेल असे उत्तर देता आले नाही. ही तपासणी आत्ताच का करत नाहीत आणि पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासणे अधिक सुरक्षित नाही का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

सूक्ष्मदर्शी:
सासूबाईंची शंका रास्त आहे, परंतु वार पूर्णपणे आईची नसते आणि या तपासणीचा सारा आधार त्यातच आहे. फलित अंड्याचे विभाजन होत पाचव्या दिवसाच्या सुमारास पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. त्याच्या आतल्या बाजूच्या मूठभर पेशींपासून बाळ घडते, तर बाहेरच्या थरापासून पुढे कोरिऑन तयार होते. दोन्ही एकाच फलित अंड्यातून आलेले असल्यामुळे आईकडून आणि वडिलांकडून बाळाला जी जनुके मिळाली, तीच कोरिऑनच्या पेशींतही असतात.

सुरुवातीला या आवरणावर चहूबाजूंनी बारीक, फांद्या फुटलेले अंकुर असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाच्या पोकळीकडील अंकुर झडू लागतात आणि तो भाग गुळगुळीत होतो. गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेले अंकुर मात्र वाढत राहतात आणि वारेचा बाळाकडील भाग त्यांचाच बनतो. सुई घालतात ती या अंकुरांमध्ये, बाळाच्या पिशवीत नव्हे.

आईच्या पेशी नमुन्यात येतच नाहीत असे नाही, म्हणूनच प्रयोगशाळेतील पहिले काम डोळ्यांचे आणि हातांचे असते. नमुना बशीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की पांढरेशुभ्र, फांद्याफांद्यांचे अंकुर वेगळे ओळखू येतात, आणि त्यांना चिकटलेले आईच्या अस्तराचे तुकडे बारीक चिमट्याने एकेक करून सोडवावे लागतात. त्यानंतर अंकुरांतील डीएनए आईच्या रक्तातील डीएनएशी ताडून पाहतात आणि आईच्या पेशींची भेसळ नाही याची खात्री झाल्यावरच निदान दिले जाते.

प्रसूतिकक्ष:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून उरलेल्या दोन प्रश्नांविषयी लिहिते. ही तपासणी फार लवकर केलेल्या काही गर्भारपणांत बाळांच्या हातापायांत व्यंग आढळल्याचे १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी नोंदवले. तेव्हापासून दहा आठवडे पूर्ण होण्याआधी ती करत नाहीत, आणि अकरा ते चौदा आठवड्यांचा काळ योग्य मानला जातो. तेव्हा आत्ता थांबायला सांगितले आहे ते बाळाच्याच हिताचे आहे.

अनुभवी हातांनी, सोनोग्राफीत सुईचे टोक सतत पाहत केलेल्या तपासणीमुळे गर्भपात होण्याची जादा जोखीम २०० मध्ये एकाहून कमी असते. गर्भजल तपासणीची जोखीमही जवळपास तेवढीच आहे. शिवाय ती पंधराव्या आठवड्याआधी करत नाहीत. दोघेही मायनर असताना प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणजे जन्मभर रक्त चढवावे लागण्याची. अशा वेळी निर्णयासाठी मिळणारे ते काही आठवडे त्या आईसाठी फार मोलाचे असतात, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट मात्र आजच करून घ्या. दोघांच्या बीटा ग्लोबिन जनुकात, म्हणजे थॅलेसेमियाशी संबंधित हिमोग्लोबिनच्या जनुकात, नेमका कोणता बदल आहे, हे नमुना घेण्याआधी माहीत असले पाहिजे. ते ठाऊक नसेल तर अंकुरांत काय शोधायचे हेच प्रयोगशाळेला कळत नाही. बहिणीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर तपासणीनंतर अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

निशिगंध:
दोघांचेही अत्यंत आभार. जनुकतपासणी अजून झालेली नाही, ती उद्याच करून घेतो. एक शंका उरते. वारेतील आणि बाळातील पेशी कधी कधी जुळत नाहीत, असे वाचले. मग अहवालावर कितपत विसंबावे?

सूक्ष्मदर्शी:
आपण वाचलेले खरे आहे, परंतु ते गुणसूत्रांच्या संख्येबाबत आहे. शंभरातील एक-दोन नमुन्यांत कोरिऑनच्या काही पेशींची गुणसूत्रे कमी-जास्त आढळतात आणि बाळाची मात्र व्यवस्थित असतात, कारण तो बिघाड फलनानंतरच्या पेशीविभाजनात झालेला असतो. म्हणून डाऊन सिंड्रोमसारख्या निदानात असा संमिश्र अहवाल आला, तर गर्भजल तपासून खात्री करतात. थॅलेसेमियाचा बदल आईवडिलांकडून थेट फलित अंड्यातच येतो, त्यामुळे तो असेल तर बाळात आणि कोरिऑनमध्ये सारखाच असतो.

आणखी एक सांगतो. या पेशींवरून बाळाचे लिंगही समजू शकते, परंतु १९९४ च्या कायद्याने ते सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे. तशा संमतिपत्रावर बहिणीची सही घेतली जाईल, तेव्हा घरच्यांना याची आधीच कल्पना द्यावी.