गेटबाहेरचा फूटपाथ

ए-५०३: नमस्कार. सकाळी गेटबाहेर चुन्याने आखून गेलेत. फूटपाथ रुंद होणार. आपल्या दुचाक्या कुठे लावायच्या? कमिटीने उत्तर द्यावे.

सेक्रेटरी: काका, ती जागा सोसायटीची नाही. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, बोलणं झालंय.

ए-५०३: बोलणं झालं, उत्तर मिळालं नाही.

बी-२०१: माझ्या फ्लॅटचं सांगते. रविवारी पार्टी आली, मुलगा आणि त्याची आई. वनाज मेट्रोपासून मुद्दाम चालत आले. घर आवडलं, भाव जमत आला होता. आई म्हणाल्या, एवढ्याशा रस्त्यात तीनदा फूटपाथवरून खाली उतरावं लागलं, एकदा तर मागून बस आली. परत फोन नाही.

सी-४०४: ताई, भावच जास्त सांगितला असेल 😀

बी-२०१: तुमचा भाडेकरू का गेला ते सांगू का इथे?

सेक्रेटरी: वैयक्तिक नको, प्लीज.

ए-१०२: मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली आणि एजंट 'स्टेशनपासून चालत' म्हणून भाव वाढवून सांगायला लागले. चालायला जागा नसेल तर गिऱ्हाईक ते पैसे का देईल? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, कडा १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. काल टेप लावून मोजलं. विजेच्या डीपी बॉक्सपाशी ५५ सेंटीमीटर उरतात. हिचा वॉकर तिथे अडतो. दिवाळीपासून हिला बागेत नेलेलं नाही.

ए-५०३: नमस्कार. सकाळी गेटबाहेर चुन्याने आखून गेलेत. आपल्या दुचाक्या कुठे लावायच्या? कमिटीने उत्तर द्यावे.

बी-६०१: काका, दुसऱ्यांदा वाचलं. संध्याकाळी जंगली महाराज रोडला चक्कर मारा, तिथल्या रुंद फूटपाथवर बाकांवर आपल्याच वयाची माणसं बसलेली असतात.

सी-४०४: तिथे फूटपाथवरून गाड्याही जातात.

बी-६०१: म्हणून खांब लावून घ्यायचे. आखणी चालू आहे तोवरच पत्र द्या, नंतर कोण ऐकणार?

ए-५०३: वहिनींना वॉकर लागतो हे माहीत नव्हतं. फूटपाथला माझा विरोध नाही. दुचाक्यांचं सांगा.

सेक्रेटरी: पंपरूममागचं भंगार हललं तर दहा-बारा बसतील.

बी-२०१: त्यातलं लोखंडी कपाट सी-४०४ चं आहे.

सी-४०४: रविवारी काढतो.

ए-५०३: तारीख लिहा.