चर्चा: पीटीएसडी ड्यूटीमुळेच झाला, असं कायद्याने धरून चालावं का?

कलमवाचक (धागाकर्ता)

पीटीएसडी म्हणजे भीषण प्रसंगाच्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार. आगीत हात भाजला तर भरपाई मिळते. जळालेलं पोर बाहेर काढल्यावर झोप उडाली तर काही मिळत नाही. अमेरिकेतल्या दोन राज्यांनी यावर कायदे केले, पण दोघांची रीत वेगळी.

फ्लोरिडात पूर्वी शारीरिक इजा नसेल तर फक्त औषधोपचार मिळत, बुडालेला पगार नाही. ऑर्लँडोच्या पल्स क्लबमधला गोळीबार (२०१६, ४९ मृत) आणि पार्कलंडच्या शाळेतला (२०१८, १७ मृत) झाल्यावर कायदा बदलला, १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. त्यात पात्र घटनांची ११ कलमी यादी आहे: लहान मुलाचा मृतदेह पाहणं, डोळ्यांदेखत झालेला खून, वगैरे. पुरावा 'स्पष्ट आणि खात्रीलायक' लागतो, म्हणजे साध्या दिवाणी दाव्याच्या वरची पायरी, आणि तो द्यायचा कर्मचाऱ्याने. मागणीची मुदत ५२ आठवडे. आधी ती घटनेपासूनच मोजत. पण हा विकार कधी कधी सहा महिन्यांनंतर पुरता दिसतो, त्यामुळे माणसं मुदतीबाहेर जात. २०२२ च्या दुरुस्तीने निदानाची तारीखही धरली.

कॅलिफोर्नियाने (२०१९ चा कायदा, १ जानेवारी २०२० पासून) पुराव्याचं ओझंच फिरवलं. अग्निशामक किंवा पोलिसाची किमान सहा महिने नोकरी झाली असेल आणि पीटीएसडीचं निदान झालं, तर तो कामामुळेच असं अनुमान. नाही म्हणायचं तर मालकाने सिद्ध करावं. नोकरी सुटल्यावरही दर पूर्ण वर्षामागे तीन महिने, जास्तीत जास्त ६० महिने हे अनुमान टिकतं. निर्णय होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतचे उपचार थांबत नाहीत. कायदा २०२५ ला संपायचा होता, तो २०२९ पर्यंत वाढवला.

महाराष्ट्राने हा दुसरा, कॅलिफोर्नियाचा साचा घ्यावा असं माझं मत. 'केंद्राचा विषय' ही सबब चालणार नाही. समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या) २४ व्या नोंदीत कामगार भरपाई आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याने तर तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन तिसऱ्या अनुसूचीत (कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत) रोजगार आणि त्याचे आजार घालायची मुभा राज्यालाही दिली होती. हे सगळं प्रकरण आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय. पण राज्याच्या हाती सोय असताना ती या कामी वापरली गेली नाही, हे विसरू नये.

हत्यारजमा

कलमवाचक, गाडी घोड्यापुढे जुंपताय. अनुमान लागू व्हायला आधी निदान लागतं, आणि निदानाला जातो कोण? अर्जावर 'मानसोपचार' शब्द आला की तो ठाण्यातल्या आवक नोंदवहीतून वर जाणार, म्हणजे चहा येईपर्यंत सगळ्यांनी वाचलेला. पुढे पिस्तूल जमा, मग साईड पोस्टिंग, म्हणजे बिनमहत्त्वाच्या जागी बदली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयता आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, पण तिथे गुप्ततेचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. आस्थापना शाखेतला कारकून त्यात कुठे बसतो?

कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी केलेली दुसरी गोष्ट तुम्ही गाळलीत. प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याशी झालेलं बोलणं दिवाणी दाव्यात किंवा खात्याच्या चौकशीत बाहेर काढता येत नाही. अपवाद मोजके: जिवाला धोका, गंभीर इजा, होऊ घातलेला गुन्हा, लेखी संमती. फौजदारी खटल्यात मात्र हे कवच नाही, आणि ते पहिल्याच बैठकीत सांगावं लागतं. आपल्याकडे आधी हे हवं.

फलाटशेवट

फ्लोरिडाच्या यादीच्या साच्याला माझाही विरोध, पण कारण वेगळं. मुंबईच्या लोहमार्ग पोलिसाचं काम बघा. स्टेशन मास्तरचा मेमो येतो. हमाल आणि स्ट्रेचर घेऊन रुळावर जायचं. मयताचा पंचनामा (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४) करताना कुठला अवयव कितव्या खांबाजवळ ते लिहायचं. खिशातला मोबाईल वाजत असतो. तो उचलावाच लागतो, कारण ओळख त्यावरूनच पटते. यातली 'घटना' कुठली धरणार, या आठवड्यातली तिसरी की वर्षातली शंभरावी?

डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) वारंवार सामोरं जाणं हा स्वतंत्र निकष आहे, आणि मानवी अवशेष गोळा करणारे हेच त्याचं उदाहरण दिलंय. पुरावा तर आपल्याकडे पडूनच आहे. अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीत पंचनामा कोणी केला ते लिहिलेलं असतं, अग्निशमन केंद्रात वर्दीची (आलेल्या खबरीची) नोंद, १०८ रुग्णवाहिकेकडे फेरीची. कोणी काय पाहिलं हे सिद्ध करायला वकील लागत नाही. अडतं ते 'त्यामुळेच झालं का' इथे, आणि तेवढ्यापुरतं अनुमान पुरे.

हिशेबनीस

पैसे कोण देणार ते कोणीच बोलत नाही. पोलीस राज्याचे, अग्निशमन पालिकेचं, १०८ कंत्राटावर. २०१४ मध्ये ती सेवा ९३७ गाड्यांवर उभी राहिली, आणि त्यावरची माणसं सरकारी नोकर नाहीत. ही भेग कॅलिफोर्नियातही आहे. नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्यांना वगैरे आत घेणारं विधेयक २०२२ मध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. खासगी रुग्णवाहिकावाल्यांना २०१८ च्या सार्वमतातून (प्रस्ताव ११) मिळाली ती वर्षाला एका समस्येमागे १० समुपदेशन सत्रं.

मला ती १० सत्रं जास्त पटतात. आघातावरच्या उपचारपद्धतींपैकी दीर्घ एक्स्पोजर थेरपी (टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जायला लावणारी) साधारण ८ ते १५ सत्रांची, एकेक सत्र तास-दीड तासाचं. हा खर्च आधीच बांधता येतो. भरपाईचा दावा मात्र एखाद्या छोट्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक हलवेल, म्हणून ती प्रत्येक दावा लढवेल. अनुमान तुमच्या बाजूला, तारखा तिच्या.

आठतास

सोळा तासांच्या बंदोबस्तानंतर थेरपी कसली? देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला होता. तो सगळीकडे नेटाने राबवा, मग कायदे करा.

फलाटशेवट

@आठतास, पाळी आठ तासांची झाली म्हणून रुळावरचं दृश्य बदलत नाही. झोप पुरी झाली तर आजार कमी बळावेल, इतकंच.

साईकडॉक

कायद्यात काय *नको* तेही लिहा. मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी अख्ख्या तुकडीला गोल बसवून 'प्रत्येकाने काय पाहिलं ते सांगा' असं सक्तीचं एकच सत्र घेतात. त्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचं बिघडतंही. पहिल्या दिवशी पाणी, जेवण, घरी फोन, आणि ज्याला बोलायचंय त्याला माणूस.

महिनाभर थांबा. त्याआधी पीटीएसडीचं निदान करतच नाहीत. मग पीसीएल-५ ही पीटीएसडीच्या लक्षणांची २० प्रश्नांची चाचणी, गुण ० ते ८०. ३१ ते ३३ च्या वर गेलं तर तज्ज्ञाकडे. हे निदान नव्हे, चाळणी आहे. उत्तरपत्रिका वरिष्ठांकडे जाणार असेल तर सगळे २० च्या आत येतील, हे लिहून घ्या. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन १४४१६ आहे, फुकट आणि मराठीतही.

कलमवाचक

हत्यारजमा, सहकाऱ्याच्या गोपनीयतेचा मुद्दा मान्य, तो पहिल्या कलमात टाकू. हिशेबनीस, कंत्राटी माणसासाठी 'मालक' म्हणजे काम देणारी सरकारी संस्था अशी व्याख्या करता येईल. एक भर माझीच: केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद केली तर घटनेच्या अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची मंजुरी लागेल, म्हणजे वेळ जाणार.

आणि साईड पोस्टिंगची भीती आहे त्यांनी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) बघावं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पद घटवता येत नाही. जमेना तर त्याच वेतनावर दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य (त्याच्यापुरतं जादा निर्माण केलेलं) पद.

हत्यारजमा

पिस्तूल काही दिवस काढून घेण्याला माझा विरोध नाहीच, आजारी माणसाच्या हाती ते नसलेलंच बरं. पण २०(४) चा आधार घ्यायचा तर आधी स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यावं लागतं. १२ सत्रांत कामावर परत येऊ शकणारा शिपाई तो शिक्का कशाला मारून घेईल? तुमच्या मसुद्यात 'उपचार चालू' अशी वेगळी स्थिती घाला: कमाल सहा महिने, पगार आणि ज्येष्ठता तशीच, हत्यार परत देण्याची तारीख डॉक्टर ठरवेल, आणि सेवापुस्तकात फक्त 'वैद्यकीय रजा' एवढीच नोंद.